विद्यार्थी प्रकल्पांतील मल्टिथ्रेडिंगचे दोष : निदानाची पद्धत आणि मूल्यमापनाचा प्रश्न

प्रस्तावना

संगणकशास्त्राच्या पदवी अभ्यासक्रमात प्रकल्पाला महत्त्वाचे स्थान आहे. वर्गात जे शिकवले ते विद्यार्थ्याला स्वतंत्रपणे वापरता येते किंवा नाही, याची खरी कसोटी प्रकल्पातच लागते. या प्रकल्पांत मल्टिथ्रेडिंगचा वापर करण्याकडे होतकरू विद्यार्थ्यांचा ओढा असतो. एकाच प्रोग्राममध्ये अनेक कामे एकाच वेळी चालू ठेवण्याचे हे तंत्र होय. प्रत्येक काम म्हणजे एक थ्रेड, अर्थात सूचनांचा एक स्वतंत्र धागा. हे सर्व धागे संगणकाची एकच स्मृती सामायिकपणे वापरतात. या तंत्राची सारी सोय त्यातच आहे आणि सारी अडचणही त्यातच आहे.

प्रात्यक्षिक परीक्षेतील एक प्रसंग बहुतेक प्राध्यापकांच्या परिचयाचा असेल. विद्यार्थी प्रोग्राम चालवतो आणि पडद्यावर बेरीज चुकीची येते. विद्यार्थी गोंधळतो. बहिस्थ परीक्षक सहानुभूतीने म्हणतात, "पुन्हा चालवून दाखवा." दुसऱ्या वेळी बेरीज बरोबर येते, सर्वांना हायसे वाटते आणि गुण दिले जातात. इतर कोणत्याही प्रोग्रामच्या बाबतीत ही उदारता क्षम्य ठरेल. मल्टिथ्रेडिंगच्या बाबतीत मात्र ती परीक्षणाचा पायाच काढून घेते, कारण एकाच आदानावर कधी बरोबर आणि कधी चूक उत्तर देणारा प्रोग्राम हा चुकीचाच प्रोग्राम असतो. बरोबर आलेले उत्तर हा तेथे योगायोग असतो. प्रस्तुत लेखात अशा दोषांचे स्वरूप, त्यांच्या निदानाची रीत आणि मूल्यमापनात त्यांचा विचार कसा करावा, यांची चर्चा केली आहे.

दोन काटे आणि एक वही

विवेचनाच्या सोयीसाठी एक काल्पनिक प्रकल्प घेऊ. धाराशिव (पूर्वीचा उस्मानाबाद) जिल्ह्यातील लोहारा हे तालुक्याचे गाव आहे आणि हा परिसर सोयाबीन पिकवणारा आहे. समजा, येथील एका विद्यार्थ्याने आडत दुकानातील आवक नोंदवण्याचा प्रकल्प जावा भाषेत केला. दुकानात दोन काटे आहेत. प्रत्येक काट्यासाठी त्याने एक थ्रेड निर्माण केला. दोन्ही थ्रेड मोजलेले कट्टे एकाच 'एकूण आवक' या चलात मिळवतात. रचना साधी व वास्तवाला धरून आहे, आणि तरीही एकूण आवक कधी कधी कमी भरते. ती जास्त कधीच भरत नाही, हे येथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

याचे कारण समजण्यासाठी संगणक बाजूला ठेवून दोन मापाड्यांची कल्पना करावी. वहीत ४० कट्ट्यांची नोंद आहे. पहिला मापाडी वही पाहतो, ४० हा आकडा मनात धरतो आणि आपले ५ मिळवू लागतो. तेवढ्यात दुसराही वही पाहतो. त्यालाही ४० च दिसतात. तो आपले ७ मिळवतो. पहिला ४५ लिहितो, त्यानंतर दुसरा त्यावर काट मारून ४७ लिहितो. प्रत्यक्ष आवक ५२ असून वहीत ४७ राहतात. दोघांपैकी कोणाचीही बेरीज चुकलेली नाही. ५ कट्टे मात्र हिशेबातून नाहीसे झाले.

प्रोग्राममध्ये 'एकूण' या चलात एक मिळवण्याची सूचना एका ओळीत लिहिली जाते, म्हणून ती एकसंध कृती आहे असा विद्यार्थ्याचा समज होतो. प्रत्यक्षात तिचे तीन टप्पे आहेत : मूल्य वाचणे, त्यात भर घालणे आणि नवे मूल्य परत लिहिणे. या टप्प्यांच्या मध्ये कोठेही दुसरा थ्रेड शिरू शकतो. कोण आधी पोहोचतो यावर उत्तर अवलंबून राहते, म्हणून या स्थितीला रेस कंडिशन असे म्हणतात.

यातील नुकसान किती मोठे असू शकते, याचा अंदाज सहसा चुकतो. दोन थ्रेडनी प्रत्येकी १,००,००० वेळा एक मिळवला तर उत्तर २,००,००० यावयास हवे. चुकले तर थोडेफार चुकेल असे वाटते. परंतु तर्कदृष्ट्या उत्तर २ इतके कमी येऊ शकते. पहिला थ्रेड शून्य वाचून थांबला. दुसऱ्याने ९९,९९९ वेळा भर घातली. मग पहिल्याने आपला जुना हिशेब पुरा करून १ लिहिला. दुसऱ्याने शेवटच्या फेरीसाठी तो १ वाचला व तोही थांबला. पहिल्याने आपल्या उरलेल्या सर्व फेऱ्या पूर्ण केल्या. आणि अखेरीस दुसऱ्याने २ लिहिले. असा क्रम प्रत्यक्षात घडणे जवळजवळ अशक्य आहे, पण प्रोग्राममधील एकही ओळ त्याला मनाई करीत नाही. वर्गात फळ्यावर हा क्रम विद्यार्थ्यांकडूनच मांडून घेतल्यास तास सत्कारणी लागतो.

दोष लपतो कोठे

हाच प्रोग्राम प्रत्येकी १० फेऱ्यांनी चालवल्यास उत्तर बहुधा बरोबर येते. एवढ्या फेऱ्या इतक्या झटपट संपतात की दुसरा थ्रेड सुरू होण्यापूर्वीच पहिल्याचे काम आटोपलेले असते. विद्यार्थी चाचणीसाठी नेमका असाच लहान आकडा घेतो, कारण लहान आकडा हाताने पडताळता येतो. इतर विषयांत उपयोगी पडणारी सवय येथे दोष झाकते.

दुसरे कारण यंत्राचे आहे. इंटेल आणि एएमडी या कंपन्यांनी २००५ साली सामान्य वापराच्या संगणकांसाठी दोन गाभ्यांचे प्रोसेसर बाजारात आणले. त्यापूर्वीच्या एकगाभा संगणकावर थ्रेड खऱ्या अर्थाने एकाच वेळी चालत नसत. प्रत्येकाला आळीपाळीने क्षणभर वेळ मिळे. त्यामुळे वाचन आणि लेखन यांच्या मध्येच नेमकी पाळी बदलण्याचे प्रसंग कमी येत. अनेक गाभ्यांच्या यंत्रावर तेच प्रसंग सतत घडतात. जुन्या यंत्रावर 'चाललेला' प्रकल्प नव्या यंत्रावर कोसळला तर दोष नव्या यंत्राचा नसतो.

तिसरे कारण अधिक फसवे आहे. दोष शोधण्यासाठी विद्यार्थी जागोजागी छपाईच्या ओळी घालतो आणि दोष नाहीसा होतो. ओळी काढल्या की परत येतो. छपाईमुळे वेळेचे गणित बदलते. शिवाय जावातील छपाईची पद्धत स्वतःच कुलूप वापरते, त्यामुळे थ्रेड नकळत एकामागे एक रांगेत उभे राहतात. निरीक्षण करताच वागणूक बदलणाऱ्या दोषाला, भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग यांच्या नावावरून, 'हायझेनबग' म्हणतात. टँडेम या कंपनीतील जिम ग्रे यांनी १९८५ सालच्या आपल्या अहवालात ही संज्ञा वापरली.

टायलर येथील आठ सेकंद

'पुन्हा चालवून दाखवा' या वृत्तीची किंमत किती असू शकते, हे थेरॅक-२५ या किरणोपचार यंत्राच्या इतिहासावरून कळते. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्रामुळे अमेरिका व कॅनडातील सहा रुग्णांना प्रमाणाबाहेर किरणमात्रा मिळाल्याचे ज्ञात आहे. नॅन्सी लेव्हसन आणि क्लार्क टर्नर यांनी १९९३ साली या अपघातांचे सविस्तर विश्लेषण प्रसिद्ध केले.

२१ मार्च १९८६ रोजी टेक्सासमधील टायलर येथील रुग्णालयात यंत्रचालिकेने इलेक्ट्रॉन उपचाराऐवजी चुकून क्ष-किरणाचे अक्षर टंकले, चूक लगेच लक्षात येताच ती दुरुस्त केली आणि उपचार सुरू केला. पडद्यावर 'मालफंक्शन ५४' एवढीच सूचना उमटली. निर्मात्या कंपनीच्या अभियंत्यांनी यंत्र तपासले. त्यांना दोष पुन्हा घडवून आणता आला नाही. ७ एप्रिल रोजी यंत्र पुन्हा रुग्णांसाठी वापरात आले आणि ११ एप्रिलला तोच अपघात दुसऱ्या रुग्णाच्या बाबतीत घडला. हे दोन्ही रुग्ण दगावले.

यानंतर रुग्णालयाचे भौतिकतज्ज्ञ फ्रिट्झ हेगर यांनी त्या यंत्रचालिकेला सोबत घेऊन तीच नोंद पुनःपुन्हा करून पाहिली. दोषाचे रहस्य टंकलेखनाच्या गतीत होते. यंत्रातील चुंबकांची मांडणी होण्यास सुमारे ८ सेकंद लागत. त्या अवधीत झालेली दुरुस्ती पडद्यावर दिसे, परंतु प्रोग्रामच्या दुसऱ्या भागापर्यंत पोहोचत नसे. सावकाश टंकणाऱ्या माणसाच्या हातून हा अपघात घडणे शक्यच नव्हते. सरावाने हात बसलेल्या व्यक्तीच्या हातूनच तो घडला. अभियंत्यांना दोष दिसला नाही, कारण ते तेवढ्या वेगाने टंकत नव्हते. याच मालिकेतील आधीच्या थेरॅक-२० या यंत्रातही हा दोष होता, असे पुढे आढळले. तेथे मात्र स्वतंत्र विद्युत-यांत्रिक संरक्षण असल्याने फक्त फ्यूज उडत असे, आणि फ्यूज बदलून काम पुढे चालत असे.

हेगर यांनी केले ते शास्त्रीय निदान होय. अपघाताच्या वेळची परिस्थिती, विशेषतः वेळेचे अंतर, त्यांनी जसेच्या तसे पुन्हा उभे केले. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेचा ईशान्य भाग व कॅनडातील ओंटारिओ येथे सुमारे ५ कोटी लोकांचा वीजपुरवठा खंडित झाला, त्या घटनेतही एका वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातील धोक्याची सूचना देणारी प्रणाली रेस कंडिशनमुळेच बंद पडली होती. ती चूक सापडण्यास अनेक आठवडे लागले.

लक्षणावरून निदान

विद्यार्थी सहसा "प्रोग्राम चालत नाही" एवढेच सांगतो. वैद्याला "बरे वाटत नाही" एवढे सांगून भागत नाही, तसेच हे आहे. नेमके लक्षण विचारले की अर्धे काम होते.

एकूण आवक शून्य छापली जात असेल, तर मुख्य थ्रेड इतरांसाठी थांबलेला नाही. काट्यांचे थ्रेड सुरू करून तो लगेच बेरीज छापून मोकळा झाला आहे. 'जॉईन' ही पद्धत वापरून त्याला थांबवणे हा येथील उपाय होय. उत्तर नेहमीच बरोबर येते पण दोन्ही काटे पाळीपाळीने चालल्यासारखे दिसतात, असे असेल तर विद्यार्थ्याने 'स्टार्ट' ऐवजी थेट 'रन' ही पद्धत वापरली आहे काय, ते पाहावे. तसे असल्यास नवा थ्रेड निर्माणच झालेला नसतो. ही चूक निरुपद्रवी दिसते आणि नेमकी म्हणूनच परीक्षेत सुटून जाते.

बेरीज कमी भरत असेल तर रेस कंडिशन आहे हे उघड आहे. तथापि विद्यार्थी म्हणतो, "सर, सिंक्रोनाइज्ड लिहिले आहे." आणि खरोखरच ते लिहिलेले असते. येथे अत्यंत नेहमीची आणि शिकवण्याच्या दृष्टीने सर्वांत उद्बोधक चूक आढळते. जावातील हे कुलूप शब्दाला नसून वस्तूला असते. विद्यार्थ्याने काट्याच्या दोन वस्तू निर्माण केल्या आहेत आणि प्रत्येक वस्तू स्वतःचेच कुलूप लावते. एका कोठाराला दोन दारे असावीत, प्रत्येक दाराला वेगळे कुलूप असावे आणि दोन्ही दारांनी एकाच वेळी माल काढला जावा, तसा हा प्रकार आहे. सामायिक चलासाठी दोघांनाही तेच एक कुलूप वापरावे लागते.

याच्या पुढची पायरी म्हणजे प्रत्येक कृती सुरक्षित असूनही कृतींची जोडी असुरक्षित असणे. गोदामात जागा शिल्लक आहे काय हे पाहणे आणि जागा असल्यास कट्टे आत घेणे, या दोन सुरक्षित कृती आहेत. मात्र त्यांच्या मध्ये दुसऱ्या काट्याने तीच शेवटची जागा घेतलेली असू शकते. पाहणे आणि घेणे ही दोन्ही कामे एकाच कुलपाच्या आत झाली पाहिजेत.

प्रोग्राम थांबतच नसेल तर दोन शक्यता असतात आणि त्या वेगळ्या ओळखाव्या लागतात. प्रोसेसर पूर्ण क्षमतेने चालू असेल, तर एखादा थ्रेड 'थांबा' ही खूण पाहत फिरत आहे, पण दुसऱ्याने बदललेली खूण त्याला दिसतच नाही. अनुवादक वेगासाठी चलाची जुनी प्रत वापरू शकतो. त्या चलाला 'व्होलाटाइल' असे घोषित करणे हा येथील उपाय आहे. 'व्होलाटाइल' केल्याने बदल दिसतो, पण बेरजेचे तीन टप्पे एकसंध होत नाहीत, हे विद्यार्थ्यांना निक्षून सांगावे लागते. थ्रेड थांबवण्यासाठी जुन्या पाठ्यपुस्तकांत दिलेली 'स्टॉप' ही पद्धत १९९८ पासूनच त्याज्य ठरवलेली असून, २०२३ मधील जावा २० पासून ती वापरल्यास केवळ अपवाद निर्माण होतो.

प्रोसेसर निवांत असून प्रोग्राम मात्र गोठलेला असेल, तर डेडलॉकचा संशय घ्यावा. एका थ्रेडने शेतकऱ्याच्या खात्याला कुलूप लावले व तो व्यापाऱ्याच्या खात्यासाठी थांबला. दुसऱ्याने व्यापाऱ्याचे खाते धरले व तो शेतकऱ्याच्या खात्यासाठी थांबला. दोघेही सभ्यपणे वाट पाहत राहतात. येथे तर्क लढवत बसण्याचे कारण नाही. जावासोबत मिळणाऱ्या 'जेस्टॅक' या साधनाने चालू प्रोग्राममधील प्रत्येक थ्रेड कोणत्या ओळीवर व कोणत्या कुलपासाठी थांबला आहे, हे छापून मिळते. अशा प्रकारची कोंडी त्यात नावानिशी दाखवली जाते. हे साधन फुकट उपलब्ध असूनही फारच थोडे विद्यार्थी ते वापरतात. उपाय साधा आहे : सर्व थ्रेडनी कुलुपे नेहमी एकाच ठरावीक क्रमाने घ्यावीत, उदाहरणार्थ लहान खाते क्रमांक आधी.

बटण दाबताच खिडकी गोठणे हा डेडलॉक असेलच असे नाही. बहुधा लांबलचक काम पडदा रंगवणाऱ्या थ्रेडवरच टाकलेले असते.

निदानाची रीत

दोष प्रथम हुकमी घडवून आणावा, मगच दुरुस्त करावा. त्यासाठी फेऱ्यांची संख्या लाखांत न्यावी, थ्रेड वाढवावेत आणि प्रोग्राम शंभर वेळा चालवून किती वेळा उत्तर चुकले याची नोंद ठेवावी. तरीही दोष दिसत नसेल तर वाचन आणि लेखन यांच्या मध्ये मुद्दाम काही मिलिसेकंदांचा विलंब घालावा. यामुळे अरुंद फट रुंद होते व चूक जवळजवळ खात्रीने दिसते.

विलंबाचा हा उपयोग केवळ तपासापुरता आहे. विद्यार्थी मात्र त्याचा वापर औषध म्हणून करतात; दुसरा थ्रेड सुरू करण्यापूर्वी अर्धा सेकंद थांबले की बेरीज बरोबर येते, असे त्यांना आढळते. प्रोग्राममध्ये 'स्लीप' ही सूचना दिसली की परीक्षकाने तिचे कारण अवश्य विचारावे.

दोष घडवता आला की संगणक बंद करून कागद घ्यावा. एकापेक्षा अधिक थ्रेड ज्याला स्पर्श करतात आणि त्यांपैकी किमान एक ज्यात बदल करतो, असे प्रत्येक चल कागदावर लिहावे व त्यापुढे त्याचे रक्षण करणाऱ्या कुलपाचे नाव लिहावे. ज्या चलापुढची जागा रिकामी राहते किंवा जेथे दोन नावे येतात, तेथे दोष असतो. आवक प्रकल्पासाठी हा तक्ता पाच-सहा ओळींचाच होईल. सी किंवा सी++ भाषेतील प्रकल्पासाठी 'थ्रेड सॅनिटायझर' हे साधन हेच काम यांत्रिकपणे करते. २०१३ पासून ते जीसीसी या अनुवादकासोबत उपलब्ध आहे.

पायथन वापरणाऱ्यांच्या मनात आणखी एक भ्रम असतो. त्या भाषेच्या प्रचलित अंमलबजावणीत एका वेळी एकच थ्रेड पायथनच्या सूचना चालवतो, म्हणून कुलपाची गरज नाही, असे ते मानतात. परंतु पाळी दोन सूचनांच्या मध्ये बदलू शकतेच. ऑक्टोबर २०२४ मधील ३.१३ या आवृत्तीपासून हे बंधन नसलेली प्रायोगिक रचनाही मिळू लागली असून, त्या भ्रमावर उभे असलेले प्रोग्राम तेथे उघडे पडतात.

कुलपापेक्षा वेगळा मार्ग

कुलपांची संख्या वाढली की प्रोग्राम मंदावतो. काही विद्यार्थी तर घाबरून संपूर्ण 'रन' पद्धतच कुलपात बंद करतात. उत्तर बरोबर येते, पण एक काटा पूर्ण झाल्याशिवाय दुसरा सुरू होत नाही आणि थ्रेडचे प्रयोजनच उरत नाही. त्यापेक्षा सामायिक वही काढून टाकणे श्रेयस्कर. प्रत्येक काट्याने आपली वेगळी बेरीज ठेवावी व दिवसाअखेर त्या मिळवाव्यात, किंवा दोन्ही काट्यांनी चिठ्ठ्या एका रांगेत टाकाव्यात आणि वही फक्त मुनिमाने लिहावी. २००४ मधील जावा ५ पासून अशी सुरक्षित रांग भाषेच्या प्रमाण संचातच मिळते.

हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. पुण्यातील सी-डॅक या संस्थेने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ साली उभारलेला 'परम ८०००' हा महासंगणक ट्रान्सप्युटर या प्रोसेसरांवर आधारित होता. त्यातील प्रत्येक प्रोसेसरची स्मृती स्वतंत्र होती व ते एकमेकांना संदेश पाठवून काम करीत. ट्रान्सप्युटरच्या मुळाशी टोनी होअर यांनी १९७८ साली मांडलेला संदेशाधारित प्रक्रियांचा सिद्धांत होता. संदेशांची वाट पाहताना तेथेही कोंडी होऊ शकते, हे खरे. परंतु दोघांनी एकाच आकड्यावर लिहिण्याचा प्रश्न मुळातच उद्भवत नाही.

मूल्यमापन

परीक्षकाकडे एका प्रकल्पासाठी मोजकीच मिनिटे असतात. त्या वेळात शंभर वेळा प्रोग्राम चालवणे शक्य नाही, मात्र विद्यार्थ्याने आधीच चालवून ठेवलेल्या शंभर फेऱ्यांची नोंद पाहणे शक्य आहे. प्रकल्प अहवालात सामायिक चलांचा तक्ता, दुरुस्तीपूर्वी आणि दुरुस्तीनंतर चुकलेल्या फेऱ्यांची संख्या, व चाचणी घेतलेल्या यंत्राच्या गाभ्यांची संख्या, एवढे एक पान जोडण्याचे बंधन विभागाने घातल्यास पुरेसे आहे. तोंडी परीक्षेत एकच प्रश्न विचारावा : कुलपाची ही ओळ काढली तर नेमका कोणता आकडा चुकेल, आणि तो का चुकेल? ज्याने प्रकल्प स्वतः केला आहे तो ती ओळ काढून, फेऱ्या वाढवून, चुकलेली बेरीज परीक्षकासमोर उभी करतो. "माझा प्रोग्राम शंभरांतून तीन वेळा चुकतो आणि कारण अद्याप सापडलेले नाही," असे नोंदीसह लिहून देणाऱ्या विद्यार्थ्याला आजच्या गुणपत्रिकेत कोणताही रकाना नाही. एकदाच चालवून बरोबर उत्तर दाखवणाऱ्यापेक्षा त्याला कमी गुण मिळू नयेत, याची तरतूद अंतर्गत मूल्यमापनाच्या गुणांतून विभागाला करता येते.